सत्यान्वेषी आणि त्याचा सोबती

गर्दीत माणूस सुरक्षित असतो, अशी शहरवासीयांची एक जुनी समजूत आहे. आडरानात चोराचे भय. परंतु भर रस्त्यात, शेकडो डोळ्यांदेखत, कोण कोणाचा जीव घेणार? या समजुतीलाच बंगाली कथाकार शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली धक्का दिला. त्यांच्या ‘पथेर काँटा’ या कथेत कलकत्त्याच्या रस्त्यांवर सुखवस्तू गृहस्थ चालता चालता कोसळतात आणि गतप्राण होतात. बंदुकीचा बार नाही, धूर नाही, मारेकरी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शवचिकित्सेत हृदयात सापडते ती ग्रामोफोनची सुई! दिवाणखान्यात गाणे ऐकविणारी ती यःकश्चित वस्तू.

या हत्यांचा छडा लावणारा ब्योमकेश बक्षी हॅरिसन रोडवर राहतो. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द त्याच्या कानांस खटकतो, म्हणून त्याने स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेतले आहे. त्याच्या बिऱ्हाडी राहणारा अजित हा लेखनाची आवड असलेला एक तरुण. लंडनच्या शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसा ब्योमकेशला अजित, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा. वॉटसन हा युद्ध पाहिलेला लष्करी डॉक्टर होता. अजितपाशी लेखणीवाचून दुसरे शस्त्र नाही.

ब्योमकेश वृत्तपत्रातील बातम्यांपेक्षा जाहिराती अधिक आस्थेने वाचतो. खऱ्या बातम्या तेथेच असतात, असे त्याचे मत. अशाच एका जाहिरातीत, ज्याला आपल्या मार्गातील काटा दूर करावयाचा असेल त्याने शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाजवळील दिव्याच्या खांबास हात लावून उभे राहावे, असे सुचविलेले असते. खांबापाशी जाऊन उभा राहतो तो अजित. त्याच्या नकळत त्याच्या खिशात एक पाकीट येऊन पडते. पुढे मध्यरात्रीच्या निर्जन रस्त्यावर, छातीस कठीण आवरण बांधून, आघाडीस चालतो तोही अजितच. ब्योमकेश त्याच्या पाठीशी. बुद्धी एकाची, छाती दुसऱ्याची! हा सर्व वृत्तांत अजितच सांगतो, आणि स्वतःच्या शौर्याविषयी तो फारसे बोलत नाही. मित्राचे तर्क आपल्याला उमगत नाहीत, हे मात्र तो मोकळेपणी कबूल करतो. म्हणूनच वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो. सुई कोठून सुटते, हे येथे सांगणे अन्यायाचे होईल. ज्यांनी कथा वाचली नाही, त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही.

शरदिंदूबाबू १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईस आले आणि पटकथालेखनात गुंतले. ब्योमकेश पंधराएक वर्षे मौन राहिला. १९५१ च्या सुमारास तो परतला. पुढच्याच वर्षी लेखकाने चित्रपटसृष्टी सोडून पुण्यास बिऱ्हाड केले. पुढील अनेक वर्षे कलकत्त्याचे गुन्हे मुळा-मुठेच्या काठी लिहिले गेले. दूरदर्शनवरील १९९३ च्या मालिकेमुळे ही जोडी मराठी घरांतही परिचित झाली.

पुण्यातील वास्तव्यात, १९६७ साली आलेली ‘शजारुर काँटा’ ही कादंबरी पहिल्या कथेशेजारी ठेवून वाचावी. पुन्हा कलकत्ता, पुन्हा काटा. या वेळी साळिंदराचा, पाठीतून हृदयात खुपसलेला. परंतु बळी निराळे. ‘पथेर काँटा’त सुखवस्तू गृहस्थ मरतात. येथे पहिला बळी भिकारी, दुसरा मजूर, तिसरा लहानसा दुकानदार. ज्यांच्या मरणाने कोणाचा वारसा बदलत नाही, अशांना मारून मारेकऱ्यास काय मिळावयाचे? हाच प्रश्न ब्योमकेशपुढे उभा राहतो, आणि कादंबरीचे सारे मर्म त्यात आहे.

रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी अधिक प्रौढ आहे. तरीही वाचताना काहीतरी उणे वाटते. ब्योमकेश आहे, पोलीस अधिकारी राखालबाबू आहेत. निवेदन मात्र अजितकडे नाही, ते लेखकाने स्वतःच्या हाती घेतले आहे. त्या भिकाऱ्याविषयी अजितने काय लिहिले असते, ते वाचकास कळत नाही.