शांबरिक खरोलिका

चित्रपटाची कुळकथा सांगू लागलो म्हणजे आपण दोन तारखांपाशी हटकून थांबतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. परंतु या कुळातील एका पूर्वजाचे स्मरण करावयास आपण विसरलो आहोत. त्याचे नाव शांबरिक खरोलिका.

१८९० नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने हा खेळ उभा केला. ‘मॅजिक लँटर्न’ हे यंत्र परदेशी. पण शांबरी म्हणजे माया, या आपल्या शब्दावरून त्याचे बारसे झाले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पुराणकथांतील पात्रे दिव्याच्या प्रकाशाने भिंगातून पडद्यावर मोठी होऊन उमटत. एकाच पात्राच्या किंचित निराळ्या ठेवणीची चित्रे, एक मावळते न मावळते तोच दुसरे उगवावे अशा बेताने आणली, की ते पात्र हालल्याचा भास होई. जोडीला निवेदन आणि गायन असे.

हा सिनेमा नव्हे, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. छायाचित्रणाचा तेथे संबंध नव्हता. तथापि काळोखात बसून उजळलेल्या पडद्यावरील छायांना खरे मानण्याची सवय ज्या खेळांनी प्रेक्षकांना लावली, त्यांत हा एक होता. शिवाय पुढे आलेला चित्रपट कित्येक वर्षे मुका होता. या चित्रांना मात्र माणसाचा कंठ लाभला होता.

मग त्याची विस्मृती का झाली? चित्रपटाच्या फितीच्या प्रती निघतात, गावोगाव तोच खेळ पुन्हा होतो. इथे प्रत्येक खेळाला दिवा हाताळणारा हात आणि कथा सांगणारा गळा हवा. ते थांबले आणि मागे काचा तेवढ्या राहिल्या. काच काही बोलत नाही. म्हणून तिच्या वतीने इतिहासकाराने बोलावयाचे असते.

म्हणून एवढेच सुचवितो. चित्रपटाच्या इतिहासात फाळक्यांच्या आधी कल्याणच्या त्या घराला एक परिच्छेद मिळावा. आणि आपल्या माळ्यावरील एखाद्या पेटीत रंगविलेल्या काचा सापडल्या, तर त्या टाकून देण्यापूर्वी एकवार उजेडासमोर धरून पाहाव्या.