शस्त्र आणि करुणा : परदेशातील वैद्यकीय सेवेचे चिंतन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. परदेशातील एका शस्त्रक्रिया शिबिरात मी सेवा केली, त्याविषयी सांगावे अशी विश्वस्तांची सूचना होती. शिबिरावरून परतल्यावर समाजातील वडीलधाऱ्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. ‘आपल्याकडे रुग्ण थोडे आहेत काय, म्हणून परदेशी गेलास?’ हा पहिला आणि ‘हाती शस्त्र घेणारा अहिंसेचा उपासक कसा?’ हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्रातच आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे असावधानतेला, मुख्य स्थान दिले आहे. शल्यचिकित्सक देहाचा छेद करतो तो पीडा हरण करण्याच्या भावनेने. मात्र याच व्याख्येने त्याच्यावर मोठी जबाबदारीही येते. भावना शुद्ध असली तरी सावधानता नसेल, तर तो निर्दोष ठरत नाही. हे मी ग्रंथात वाचले होते, पण शिकलो ते पूर्व आफ्रिकेतील त्या शिबिरात.

आम्ही तेथे दहा दिवस होतो. हर्निया आणि हायड्रोसील या व्याधी तेथील कष्टकरी पुरुष वर्षानुवर्षे अंगावर काढतात. पहाटेपासून रांग लागे आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही टेबलापाशी उभे असू. नवव्या दिवशी मी एका शेतकऱ्याची हर्नियाची शस्त्रक्रिया केली. दहाव्या दिवशी समारंभ झाला, हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली आणि आम्ही विमानात बसलो. तीन आठवड्यांनी निरोप आला की, त्या शेतकऱ्याच्या जखमेत पू झाला होता. त्याच्या गावाजवळ जखम पाहणारे कोणी नव्हते, मलमपट्टीसाठी त्याला दिवसभर पायपीट करावी लागे. पुढे तो बरा झाला, परंतु त्याचा पेरणीचा हंगाम गेला. ज्या कामासाठी त्याला बरे व्हायचे होते, तेच काम माझ्या उपचारामुळे त्या वर्षी हुकले. शस्त्रक्रियेत चूक नव्हती. चूक होती ती नवव्या दिवशी ती करण्यात आणि मागे कोणाला तयार न करता निघून येण्यात. मित्रहो, यालाच मी प्रमाद म्हणतो.

त्या काळात मला वारंवार आठवण झाली ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. चीनमध्ये पोहोचल्यानंतर काही महिन्यांतच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. ते परतले असते तर कोणीही दोष दिला नसता. पण ते राहिले.

त्यांच्या अहोरात्र चाललेल्या शस्त्रक्रियांच्या कथा आपण ऐकल्या आहेत. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही काढला. मला मात्र त्यांच्या जीवनातील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे १९३९ साली, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांनी १९४१ साली स्वीकारली. तेथील परिचर्या-शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुत्र झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे देहावसान झाले. ते गेले तरी त्यांचे विद्यार्थी मागे राहिले, हाती शस्त्र धरू शकणारे.

जखमी सैनिकाला बरे करणे म्हणजे युद्धाला साहाय्य नव्हे काय, असे कोणी विचारील. मला वाटते, वेदनेने व्याकूळ होऊन टेबलावर पडलेला मनुष्य त्या क्षणी कोणत्याही सेनेचा नसतो. तो केवळ एक भयभीत जीव असतो, आणि त्याला अभय देणे एवढेच वैद्याचे कर्तव्य असते.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आमच्या शिबिरात औषधदान झाले, परंतु ज्ञानदान राहून गेले, आणि ते राहिल्यामुळे त्या शेतकऱ्याला अभयही मिळाले नाही. कोटणीसांच्या सेवेत मात्र ही तिन्ही एकत्र नांदली. ते जन्माने जैन नव्हते, तरी त्यांचे जीवन आपल्याला आपलाच धर्म समजावून सांगते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. लॅन्सेट आयोगाच्या २०१५ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. त्यांत आपल्या देशातील बांधवही मोठ्या संख्येने आहेत. म्हणून ‘इथे की तिथे’ हा वाद मला निरर्थक वाटतो. दहा दिवसांच्या शिबिरांनी ही उणीव भरून निघणार नाही, ना तिथे ना इथे. भगवान महावीरांच्या नावाने १९७५ साली जयपूरमध्ये स्थापन झालेल्या विकलांग सहाय्यता समितीने कृत्रिम पाय आपल्या देशात दिले आणि परदेशातही अनेक ठिकाणी शिबिरे भरविली. करुणेला सीमा नसते, हे आपल्याच समाजाने दाखवून दिले आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. आपल्या समाजातील तरुण डॉक्टर सेवेसाठी निघतील तेव्हा किती शस्त्रक्रिया केल्या हा आकडा त्यांना विचारू नका. किती दिवस राहिलात, किती परिचारिकांना शिकविले आणि टाके कोणी काढले, एवढे तीनच प्रश्न विचारा. दहा जणांना दहा दिवस पाठविण्याऐवजी एकाला सहा महिने पाठविण्याचा खर्च उचला. अहवालात आकडा लहान दिसेल, पण पुण्याचा हिशेब वहीच्या आकड्यांवर ठरत नाही.

मी स्वतः पुन्हा जाणार आहे. शेवटच्या चार दिवसांत एकही नवी शस्त्रक्रिया करायची नाही, ते दिवस मलमपट्टी आणि शिकवणी यांसाठीच राखायचे, असा नियम मी घेतला आहे. आपण चातुर्मासात नियम घेतो, तसाच हा माझा नियम. तो पाळण्याचे बळ मला लाभो, असा आशीर्वाद आपण द्यावा.

माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!