प्रश्न ठरवण्याचा अधिकार



विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा म्हटला की कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरलेली असते. सकाळी स्त्रियांच्या विद्वत्तेवर बीजभाषण, जेवणाआधी एखाद्या डॉक्टरबाईंचे आरोग्यावर व्याख्यान, दुपारी नेतृत्वावर परिसंवाद आणि अधूनमधून शाल-श्रीफळ. संयोजकांनी आज मला हे तिन्ही विषय एकत्र दिले आहेत. एका तासात ते उरकावेत अशी सोय त्यामागे असेल, पण माझ्या दृष्टीने हे योग्यच झाले, कारण ही तीन सत्रांची वाटणी मला मुळात मान्य नाही. कोणत्या गोष्टीचा अभ्यास व्हायचा, कशावर पैसा खर्च व्हायचा, कोणती तक्रार दुखणे म्हणून नोंदवायची आणि कोणती ‘बायकांचं चालायचंच’ म्हणून सोडून द्यायची, हे कुठेतरी कोणीतरी ठरवत असते. स्त्रियांची विद्या तिथपर्यंत पोचली नाही, तर त्यांच्या आरोग्याबद्दल समाजाला फारसे काही कळत नाही. आणि तिथवर पोचायला नुसती पदवी पुरत नाही, अधिकाराची जागा लागते. आपण मुलींना उत्तरे देण्यात तरबेज केले; प्रश्न ठरवण्याचा अधिकार मात्र अजून त्यांच्या हाती नीट आलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याचा पुरावा आपल्या इतिहासात फार जुना आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली किशोरवयीन विद्यार्थिनी, मांग समाजातली. धर्म, पेशवाईतला जुलूम, शिक्षण यांविषयी तिने जे लिहिले ते वारंवार सांगितले जाते. त्याच निबंधात तिने आणखी एक गोष्ट लिहिली: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीवाऱ्याचे हाल त्यांना सोसावे लागतात. हातात अक्षर येऊन थोडाच काळ लोटलेल्या या मुलीला बाळंतपण हा सार्वजनिक प्रश्न आहे हे सुचले, कारण ते तिच्या वस्तीत रोज घडत होते. पुढे आनंदीबाई जोशी यांचे चौदाव्या वर्षी झालेले मूल दगावले, त्यांनी वैद्यकीचा ध्यास घेतला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या एम.डी. झाल्या. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या. आनंदीबाईंना आपण ‘पहिली डॉक्टर बाई’ म्हणून लक्षात ठेवले आणि मुक्ताचा तो परिच्छेद बहुतेक विसरलो. पहिलेपणाचे हे वेड आजही सुटलेले नाही. २०२४ मध्ये सुजाता सौनिक महाराष्ट्राच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या तेव्हा अभिनंदनाचे अग्रलेख पुष्कळ आले. राज्य स्थापन होऊन ६४ वर्षे झाल्यावर हा योग यावा याचे आश्चर्य त्या मानाने कमी जणांना वाटले.

आता विद्येच्या संस्थेकडे पाहू. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले ते जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, १९२१ मध्ये पाच जणी पदवीधर झाल्या. कर्व्यांनी मातृभाषेचे माध्यम धरले आणि अभ्यासक्रमात गृहजीवन आणि आरोग्य या विषयांना मुद्दाम स्थान दिले. त्यावर त्या काळीही टीका झाली आणि आजच्या स्त्रीवादी अभ्यासक त्याला घरकोंबडेपणा म्हणतात. मला ही टीका अर्धीच पटते. आरोग्य हा विद्यापीठात शिकवण्याजोगा विषय आहे हे त्या काळात मान्य करणे मोठीच गोष्ट होती. उणीव राहिली ती दुसरीकडे: हे आरोग्य गृहिणीने घरच्यांची काळजी घेण्यासाठी शिकायचे होते, तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल शोध घेण्यासाठी नव्हे. तो शोध घ्यायला आणखी बराच काळ जावा लागला.

तो घेतला गेला गडचिरोलीत. १९८६ मध्ये राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार तोवर दोनच खिडक्यांतून व्हायचा, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई गरोदर असेल किंवा गरोदर राहू नये असे वाटत असेल तरच ती आरोग्यखात्याला दिसायची. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या रुग्ण नव्हत्या, गावात नांदणाऱ्या साध्या बायका होत्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला, पहिले नाव राणीताईंचे. हे आकडे क्षणभर शेजारी ठेवून पाहा. अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, पाळीचा त्रास हे सगळे गावात प्रत्येकीला ठाऊक होते, पण ज्ञान म्हणून ते कुठेच नव्हते, कारण दवाखान्याच्या रजिस्टरात न येणाऱ्या बाईला विचारायला कोणी गेले नव्हते. ते विचारायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या: स्त्रीरोगशास्त्राचे पक्के शिक्षण, तपासायला बाईच आहे म्हणून बायकांनी ठेवलेला विश्वास, आणि आपण काय शोधायचे ते स्वतः ठरवण्याची मोकळीक देणारी स्वतःची संस्था. यांतली तिसरी गोष्ट आपल्या मेळाव्यांतून कधी चर्चेला येत नाही. एखाद्या मोठ्या संस्थेत राणीताई कनिष्ठ संशोधक असत्या, तर वरिष्ठांनी हा विषय मंजूर केला असता का, याची मला दाट शंका आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. विज्ञानाला लिंग नसते, प्रश्न पुरुषानेही विचारला असता. गडचिरोलीच्या निबंधात अभय बंग यांचेही नाव आहेच. खरे आहे. पुरुषाला असा प्रश्न सुचतच नाही असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की ठरवणारे सगळे एकाच अनुभवाचे असले की काही प्रश्न पिढ्यानपिढ्या सुचत नाहीत, आणि त्यात कोणाचा दुष्टावा असावा लागत नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. हेतू चांगला होता, गर्भाला अपाय होऊ नये. संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक व्हायला १९९३ उजाडले. दरम्यान १९९२ मध्ये मान्यता मिळालेल्या झोलपिडेम या झोपेच्या औषधाचा स्त्रियांसाठीचा डोस २०१३ मध्ये निम्म्यावर आणावा लागला, कारण स्त्रियांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त राहते आणि गाडी चालवताना धोका होतो. २१ वर्षे एक साधा हिशेब चुकत राहिला. असल्या निःपक्षपातीपणाची किंमत कोणी मोजली हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप नेतृत्वाबद्दल. बाई खुर्चीत बसली म्हणून बायकांचे भले होते काय? ग्रामपंचायतीत नावापुरती सरपंच बाई आणि कारभारी तिचा नवरा, हे चित्र आपण सगळेच ओळखतो, आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव असूनही ते पूर्ण पुसले गेलेले नाही. म्हणूनच मी विद्या आणि नेतृत्व वेगळे करू देत नाही. बीडचे उदाहरण घ्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर फिटायची असते, आणि एक दिवस काम चुकले की मुकादम खाडा लावतो. अशा कामात पाळी म्हणजे थेट नुकसान. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून खासगी डॉक्टरांनी पिशवी काढून टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या. २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी आणि महिला संघटनांनी त्या धसास लावल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सगळे प्रश्न त्यामुळे सुटले नाहीत. पण हा आकडा सरकारी कागदावर आला, आणि त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. या कामी कार्यकर्त्या, पत्रकार आणि समितीच्या अध्यक्षस्थानी बसलेली बाई या तिघींपैकी एक जरी कमी असती, तरी तो आकडा फडातच राहिला असता.

तिसरा आक्षेप आजच्या तरुणांचा: आता काय अडले आहे? २०२१-२२ मध्ये देशातल्या उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाखांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या, आणि पीएच.डी.ला नोंदणी केलेल्यांत त्या शेकडा ४६ च्या वर. आकडे खरे आहेत, आनंदाचेही. पण सरकारच्याच २०१८ च्या आकडेवारीत प्रत्यक्ष संशोधकांत स्त्रिया शेकडा १७ च्या आसपास. मधल्या जणी कुठे गेल्या याचे एक उत्तर २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आहे: बिनपगारी घरकामात स्त्रियांची दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. प्रबंध लिहायला वेळ लागतो आणि अंगात रक्तही लागते. घरातल्या कामाची वाटणी हा ‘कौटुंबिक’ विषय म्हणून परिसंवादाबाहेर ठेवायचा आणि मग गुणवत्ता का गळते याची चिंता करायची, हा प्रकार आता पुरे.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. माजी विद्यार्थिनींचा संघ म्हणजे शेवटी शिकलेल्या, बऱ्यापैकी सुस्थित बायकांचा संघ. मुक्ताच्या वस्तीतल्या आणि बीडच्या फडातल्या बायकांचे प्रश्न त्या का ठरवणार? त्यांनी ते परस्पर ठरवू नयेतच. पण निधी, प्रयोगशाळा, विद्यापीठाच्या अधिसभेतली मते यांच्यापर्यंत पोचणारे हात त्यांचेच आहेत, आणि त्या वस्तीतून पहिल्यांदाच पीएच.डी.ला आलेली मुलगीही आज त्याच विद्यापीठात आहे. तिचा विषय ‘फार स्थानिक’ म्हणून परत येत असेल तर तिच्या बाजूने बोलणारे कोणी विषय मंजूर करणाऱ्या समितीत असले पाहिजे.

म्हणून आपल्या संघाला माझी विनंती आहे. पुढच्या मेळाव्याच्या सत्कारमूर्ती ठरवण्याआधी विद्यापीठाकडे लेखी मागणी करा: संशोधन निधी देणाऱ्या समित्या, नैतिकता समित्या आणि पीएच.डी.चे विषय मंजूर करणारी मंडळे यांत गेल्या दहा वर्षांत किती स्त्रिया होत्या, आणि स्त्रियांच्या आरोग्यावरचे किती विषय आले, किती नामंजूर झाले. माहिती मिळाली की ती छापा. आणि संघाकडे जमणारी देणगी सभागृहाच्या नूतनीकरणात घालण्याऐवजी त्यातून दर वर्षी एका तरी विद्यार्थिनीला तिने स्वतः निवडलेल्या विषयावर काम करायला पूर्ण शिष्यवृत्ती द्या.