दर्याचं कातडं

अद्भुत कथांमधला नायक समुद्रातल्या अजस्र प्राण्याच्या कातड्याचं चिलखत घालतो. ते भिजत नाही, फाटत नाही, तलवारीचा घाव त्यावरून निसटून जातो. मुलांच्या संगणकावरच्या खेळांतही आता ते चिलखत येऊन पोचलं आहे. मी राहतो बोईसरला. बाजारात मासे साफ होताना रोज पाहतो आणि मनात येतं, या खऱ्या कातड्याचं पुढं काय होतं?

माशाच्या कातड्याचं चामडं होतं, आणि ते माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रशिया-चीनच्या सीमेवरच्या अमूर नदीकाठी नानाई लोक सामन माशाच्या कातड्याचे अंगरखे शिवत. जपानी योद्ध्यांच्या तलवारीच्या मुठीवर पाकटाचं कातडं असे. त्यावरचे कठीण दाणे दातांच्याच जातीचे असतात, त्यामुळं पकड घट्ट राहते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये याच कातड्यानं शौकिनांच्या डब्या मढवल्या जात. मुशीच्या खरखरीत कातड्यानं सुतार लाकूड घासत. आइसलँडमध्ये तर माशाच्या कातड्याचे जोडे वापरत. घाट ओलांडताना किती जोड झिजले, यावरून अंतर सांगत! म्हणजे खरं कातडं काही अभेद्य नव्हे. तेही झिजतं.

तरी त्यात एक गुण आहे. त्यातले तंतू एकमेकांवर आडवे-तिरपे, थराथरानं रचलेले असतात. म्हणून ते पातळ असूनही जाडीच्या मानानं चिवट असतं. कमावण्याची रीत गुरांच्या कातड्यासारखीच, पण नाजूक हातानं करायची. गुरांच्या कातड्याला सोसते तेवढी उष्णता याला सोसत नाही, म्हणून पाणी थंड हवं. चरबी पूर्ण काढली की वासही जातो. आपल्याकडं चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं यावर काम केलं आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडं वळू. सातपाटीचं पापलेट, म्हणजे 2023 मध्ये राज्यमासा ठरलेलं, या कामाचं नाही. त्याचं कातडं पातळ, आणि आपण ते खातोही. उपयोगाचे ते घोळ, वाम, शिंगाळा, पाकट. ऑगस्ट 2021 मध्ये मुरब्याच्या एका मच्छीमाराला 157 घोळ मिळाले आणि ते सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेले, ही बातमी आपण वाचली असेल. तो भाव होता मुख्यतः पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला. पण असा दिवस आयुष्यात एखादाच. एरवी चांगला मासा बर्फात अख्खाच बाहेर जातो. त्याचं कातडं दूरच्या कारखान्यात निघतं आणि त्याची किंमतही तिथंच राहते. कातडं सोलून त्याच दिवशी मिठात घालण्याचं काम गावातच झालं, तर मासे विकणाऱ्या बायांच्या हातात चार पैसे जास्त पडतील.

मात्र दोन गोष्टींची गाठ बांधली पाहिजे. पहिली, कातड्यासाठी मासा मारायचा नाही. व्हेल शार्क आणि करवत मासा यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्या यादीत पुढं आणखी मुशी-पाकटांची भर पडली. खाण्यासाठी आलेल्या माशाचं जे वाया जातं, तेवढंच आपलं.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमनं कमावतात आणि त्यातलं काही सांडपाण्यातून बाहेर पडतं. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला 2016 मध्ये हरित लवादाकडं जावं लागलं. ज्या खाडीत मासा उरत नाही, तिच्या काठी माशाच्या चामड्याचा कारखाना काढण्यात काय अर्थ? हिरडा आणि बाभळीची साल यांनीही कातडं कमावता येतं. वेळ जास्त लागतो, इतकंच. त्याचंही सांडपाणी शुद्ध करावं लागतंच, पण त्यात क्रोमियम नसतं.

कथेतलं चिलखत एका वीराचं रक्षण करतं. आपल्या चामड्याचं एखादं पाकीट झालं तरी पुरे. पण ते विकत घेताना एवढं जरूर विचारा: मासा कुठला, कातडं कमावलं कशानं, आणि ज्या बाईनं ते सोललं तिला काय मिळालं?