फुलस्टॉप कोठे द्यावा?



इंग्रजी म्हटले की पालकांना स्पेलिंगची काळजी वाटते. मी मात्र एका ठिपक्याविषयीच बोलणार आहे.

आपली मुले हा ठिपका विसरतात, त्याचे कारण नुसता आळस नव्हे. उर्दूत वाक्य संपले की आपण छोटी आडवी रेघ देतो, तिला खत्मा म्हणतात. हिंदीत उभा दंड. मराठीत व इंग्रजीत ठिपका. उर्दूत ठिपका म्हणजे नुक्ता, अक्षराचाच भाग. ऐनवर पडला तर दुआचा दगा होतो! आकड्यांत तोच शून्य. एकाच दप्तरात इतक्या रीती आहेत. मराठीलाही ही चिन्हे इंग्रजीवरूनच मिळाली. मेजर कँडी यांनी १८५० साली त्यांची परिभाषा छापून दिली. त्यापूर्वीच्या मोडीत तर शब्दही सलग लिहीत.

पण योग्य जागी थांबणे आपल्याला परके नाही. ज्याने नाझरा केला आहे त्याला वक्फच्या खुणा ठाऊक आहेत. मीम असेल तेथे थांबलेच पाहिजे, नाही तर अर्थ बिघडण्याचे भय. जीम असेल तेथे थांबा किंवा पुढे जा. आयतीच्या मध्ये लाम-अलिफ असेल तर थांबू नये. उस्तादांपुढे इतके जपून वाचणारे मूल इंग्रजीच्या पेपरात मात्र पाच वाक्ये स्वल्पविरामाने जोडून मोकळे होते.

समजा, एखाद्या तरुणाने नोकरीच्या अर्जात लिहिले : ‘आय वर्क्ड इन चिखली फॉर टू इयर्स आय वॉज अ क्लार्क इन खामगाव’. आता दोन वर्षे कोठली? ‘चिखली’पुढे ठिपका दिला तर ती खामगावची, ‘इयर्स’पुढे दिला तर चिखलीची. अर्ज वाचणारा साहेब आपल्याला विचारायला येत नाही. तो कागद बाजूला ठेवतो.

म्हणून मित्रांनो, कर्ता व क्रियापद येऊन सांगणे पुरे झाले की ठिपका द्या आणि पुढचे वाक्य कॅपिटल अक्षराने सुरू करा. ते काम स्वल्पविरामाचे नाही. उलट ‘बिकॉज ही वॉज इल’ एवढाच तुकडा तोडून त्यापुढे ठिपका देऊ नका, तो आधीच्या वाक्याला जोडा. प्रश्नचिन्हानंतर ठिपका नको, निबंधाच्या शीर्षकालाही नको. वाक्य ‘बी.ए.’ने संपले तर दोन ठिपके देऊ नयेत. ‘मिस्टर’चे संक्षिप्त रूप इंग्लंडात बहुधा ठिपक्याविना लिहितात, अमेरिकेत ठिपक्यासह, एका अर्जात एकच रीत ठेवावी म्हणजे झाले.

ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनीही मगरिबनंतर पाच मिनिटे वही घेऊन बसावे. मुलाला स्वतःचा निबंध मोठ्याने वाचायला सांगावे. तो जेथे पूर्ण थांबेल तेथे बोट ठेवून विचारावे, ‘बेटा, येथे ठिपका आहे का?’ त्याला भाषा लागत नाही.