महाधमनीचा फुगवटा

सायकलचा टायर झिजला की एका जागी फुगतो. आमच्या कुरुंदवाडचा सायकलवाला मग आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतो. पोटातील महाधमनीचेही तसेच आहे. सुमारे २ सेंटिमीटर रुंदीची ही नळी फुगत जाते, दुखत मात्र बहुधा नाही. फुटली, की माणूस वाचणे कठीण! आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने गेले.

१९९० साली अर्जेंटिनात डॉ. पारोदी यांनी जांघेतील धमनीतून कापडी नळी जाळीसह आत नेऊन बसवली. रक्त त्या नळीतून वाहू लागते, फुगवट्यावरचा ताण उतरतो. पोट उघडावे लागत नाही. पुढे नियमित तपासणी मात्र हवीच.

पण फुगवटा आधी सापडायला नको का? पासष्टी गाठलेल्या, विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून बघायचे नाही, हा हिशेब इथे चालत नाही.