वृद्धांची सेवा आणि गावाचा हातभार

पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर



घरातील वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्याबरोबर घरातील आणखी एक माणूस त्या खोलीत अडकून पडतो. पहिल्याची विचारपूस सारा गाव करतो. दुसऱ्याची फारशी कोणी करीत नाही. म्हणूनच वृद्धांच्या कल्याणाचा विचार करताना त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसाचाही विचार करणे अगत्याचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाची सुमारे १ कोटी ११ लाख माणसे होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक असे होते. संपूर्ण देशात हेच प्रमाण ८.६ टक्के होते. आयुर्मान वाढले ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच काळात कुटुंबे लहान झाली आणि कर्ती माणसे कामाधंद्यासाठी शहरात गेली. कोकणातील चाकरमान्यांच्या गावांना तर हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. चार जावांनी वाटून घ्यावयाचे काम आता अनेक घरांत एकटीच स्त्री करते.

या प्रश्नाकडे कायद्याने दुर्लक्ष केलेले नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम २००७ साली संमत झाला. त्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते व मुलांकडून निर्वाहभत्ता मिळविता येतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणे हा या कायद्याने शिक्षापात्र गुन्हा आहे. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

तथापि न्यायाधिकरण पैसा देववू शकते, मायेचे चार तास देववू शकत नाही. या अधिनियमातील अपत्यांच्या मूळ व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. प्रत्यक्षात मात्र सेवेचा भार बहुधा सुनेच्याच खांद्यावर येतो.

हा भार किती मोठा आहे, हे बाहेरून सहसा लक्षात येत नाही. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी वळवावे लागते. तसे न केल्यास पाठीला व कमरेला दाबाच्या जखमा होतात आणि त्या बऱ्या होण्यास फार काळ लागतो. अंग पुसणे, भरविणे, औषधाच्या वेळा सांभाळणे, रात्री उठणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस तोच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारतो आणि नजर चुकवून घराबाहेर पडतो. अशा घरात कधी वृद्धाची आबाळ झाली, कधी कठोर शब्द बोलला गेला, तर त्याच्या मुळाशी नेहमी दुष्टपणाच असतो असे नाही. पुष्कळदा तो थकवा असतो. थकव्यावर उपदेश हा उपाय नव्हे. विश्रांती हाच उपाय होय.

ही विश्रांती गाव देऊ शकतो, हे केरळने दाखवून दिले आहे. कोळिकोड येथे १९९३ साली डॉक्टर व समाजसेवकांनी वेदनाशामक परिचर्येची संस्था स्थापन केली. दुर्धर आजारातील वेदना कमी करणे, हा तिचा हेतू होता. परंतु दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत, असे लवकरच दिसून आले. त्यातून मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजाऱ्यांच्या सहभागाचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून किमान दोन तास देण्याची तयारी असणाऱ्या कोणालाही त्यात प्रवेश होता. स्वयंसेवकांना सोळा तासांचे वर्ग आणि प्रत्यक्ष कामाचे चार दिवस असे प्रशिक्षण दिले जाई. शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी असे सर्व थरांतील लोक पुढे आले. खर्चाचा मोठा भाग स्थानिक लोकांच्या लहानलहान देणग्यांतून उभा राहिला. २००८ साली केरळ शासनाने याविषयीचे धोरण जाहीर केले आणि गृहभेटींचे काम पंचायतींच्या कारभाराचा भाग झाले.

महाराष्ट्रातील गावांना यासाठी नवी यंत्रणा निर्माण करण्याची आवश्यकता नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. आशा स्वयंसेविका घरोघर जातात. अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करावयाचे असते. त्यांतील काही तास गावातील वृद्धांसाठी देता येतील.

आरंभ एका यादीपासून करता येईल. गावात अंथरुणाला खिळलेले वृद्ध किती, एकटे राहणारे किती आणि त्यांची देखभाल कोण करते, या तिन्ही गोष्टी तीत असाव्यात. तिसरा रकाना बहुधा कोठेच नसतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यानंतर प्रत्येक घरासाठी दोन स्वयंसेवक ठरवावेत. ठरलेल्या वारी दोन तास त्यांनी रुग्णाजवळ बसावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, गप्पा माराव्यात. तेवढ्या वेळात घरच्या बाईला बाजारहाट करता येईल, माहेरी डोकावता येईल किंवा नुसते झोपता येईल. औषधे आणून देणे, निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणे, हयातीच्या दाखल्यासाठी सोबत जाणे, हीदेखील सेवाच आहे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावयास हवीत. स्वयंसेवकाने औषधात स्वतःहून बदल करू नये. वृद्धाच्या पैशांच्या व्यवहारात पडू नये. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नये. घरातल्या माणसांना दोष देण्यासाठी तर मुळीच जाऊ नये. आणि ठरलेला वार चुकवू नये, कारण त्या दोन तासांवर कोणीतरी आठवडाभर डोळे लावून बसलेले असते.

गावात रस्ता झाला की तो सर्वांना दिसतो. एखाद्या घरातील थकलेल्या स्त्रीला मिळालेले दोन तास कोणाला दिसत नाहीत. परंतु त्या दोन तासांमुळे एका वृद्धाची पाठ जखमेवाचून राहते, आणि त्याच्या वाट्याला गोड शब्द येतो. येत्या ग्रामसभेत विकासकामांच्या यादीत या कामालाही स्थान मिळावे, एवढीच अपेक्षा.